रस्ताभर सासूबाई

...नाही, म्हणजे तुम्हीच सांगा, फोटो काढताना समोर बसलेल्या माणसाला 'जरा हसा' म्हणणं हा काय गुन्हा आहे? आहे का गुन्हा? आमच्या धंद्यात तर पहिल्या दिवशी पहिलं वाक्य शिकवतात ते हेच! मी तेवढंच म्हटलं होतं हो. औषधवाल्याची बायको फोटो काढायला आली, स्टुलावर बसली, मी लाईट लावले, मान थोडी डावीकडे घ्या म्हटलं, हनुवटी खाली म्हटलं, सगळं जमून आलं, आणि म्हटलं, "वहिनी, आता जरा हसा." तर म्हणते, "हसतेच आहे की!" मी कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढून बघितलं. चेहरा असा, जशी इस्त्री केलेली चादर. कुठे काही हलतच नव्हतं! म्हटलं, "अजून थोडं..." तर म्हणते, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, दोन आठवडे एवढंच." बरं, म्हटलं. एवढंच तर एवढंच. मी पुन्हा डोळा कॅमेऱ्याला लावला, आणि तिने मान सरळ करून माझ्याकडे नीट बघितलं मात्र... तुम्हाला सांगतो, मी ताडकन उभा राहिलो! हातातलं बिस्किट खिशात लपवलं! कारण समोर औषधवाल्याची बायको नव्हतीच. समोर बसली होती माझी सासू!

सासू म्हणजे खरी सासू नाही हो. खऱ्या सासूबाई त्या वेळी माझ्या घरी, माझ्या खुर्चीत, माझा पेपर वाचत बसल्या होत्या. पण तोंड त्यांचं! तेच सरळ धारदार नाक, तीच हनुवटी, आणि डावी भुवई अशी केसभर वर, म्हणजे मी काहीही केलं तरी "एवढंच?" असं विचारणारी. औषधवाल्याच्या बायकोच्या तोंडावर! तिला काय सांगणार मी? 'वहिनी, तुमच्या तोंडावर आमची सासू आलीय' असं सांगू? फोटो काढला, दिला, गेली बिचारी खूश होऊन. मी काय बोलणार! फोटोवाला माणूस मी!

थांबा, तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर म्हणाल याच्या डोक्यावर लाईटचा स्टँड पडलाय.

माझं दुकान एकदम रस्त्याला. शेजारी शिंपी, त्याच्या पलीकडे औषधवाला, आणि मधून वर जाणारा जिना. वर आधी टायपिंगचा क्लास होता, तो बंद पडला, मग विम्याचं ऑफिस आलं, तेही गेलं, आणि मग आला दवाखाना. आता दवाखाना कसला तो! खोकला घेऊन वर गेलात तर हाकलून देतील! ज्यांना काहीसुद्धा झालेलं नाही असेच पेशंट तिथे लागतात. नाक सरळ करायचं, गाल भरायचे, ओठ फुगवायचे, कपाळ झोपवायचं... म्हणजे माणूस जागा, कपाळ झोपलेलं! आणि गर्दी तर विचारू नका. पूर्वी कसं होतं, असली कामं पडद्यावरचे लोक करायचे, तीही लांब कुठेतरी जाऊन, आणि परत आल्यावर सांगायचे, 'मी काही नाही केलं, मी फक्त भरपूर पाणी पिते.' मग पैसेवाले करायला लागले. मग लग्न ठरलेल्या मुली. मग त्यांच्या आया, 'लग्नाच्या फोटोत आम्हीही असणारच ना!' मग मुलींचे बाप. आणि आता तर जेवणाच्या सुट्टीत! बँकेतली कॅशियर डबा खाते, वर जाते, चार सुया टोचून घेते, आणि सुट्टी संपायच्या आत परत खिडकीत! कापाकापी नाही, टाके नाहीत, रजा नाही. कॉलेजातल्या पोरी येतात हो, सुरकुत्या घालवायला. कुठल्या सुरकुत्या? ज्या अजून आल्याच नाहीत त्या! आणि जिना चढताना सगळ्यांचा शब्द एकच. मला पाठ झालाय. "जरासंच!" फार नाही, जरासंच!

तर ह्या डॉक्टरीणबाई. वयाने लहान, हाताने हुशार, मला 'काका' म्हणतात. दवाखाना उघडला तेव्हा पेढे... आपलं, मिठाई घेऊन स्वतः खाली आल्या आणि म्हणाल्या, "काका, मला रोज फोटो लागतील. आधीचा आणि नंतरचा. तुमच्याकडेच पाठवते." आता मोबाईल आल्यापासून आमच्या धंद्याला कोण विचारतं? मी म्हटलं, देव पावला! त्या म्हणाल्या, "आणि अजून एक. पूर्वी पेशंट नट्यांचे फोटो आणायचे, अशी करा, तशी करा. आता ती फॅशन गेली. आता लोकांना स्वतःसारखंच दिसायचंय. पण फोटोतल्या स्वतःसारखं. तेव्हा तुम्ही त्यांचा फोटो टचअप करून द्या, आणि मी त्याप्रमाणे..." मी म्हटलं, "मॅडम, टचअप तर आपल्या हातचा मळ आहे!"

तेव्हा मला काय माहीत हो, की माझ्या हाताला कसला मळ लागलाय?

आता हे नीट ऐका, कारण सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. मी हे टचअपचं काम शिकलो कशावर? सासूबाईंवर! म्हणजे तेव्हा त्या सासूबाई नव्हत्या, गिऱ्हाईक होत्या. दुकान नवीन, मी नवीन, निगेटिव्हचा जमाना, बारीक पेन्सिलीने एकेक डाग घालवायचा. आणि पहिलंच मोठं काम घेऊन ह्या बाई आल्या, सोबत मुलगी. फोटो काढला, धुतला, दाखवला. बाई म्हणतात, "हे नाक माझं नाही." म्हटलं, "बाई, फोटो तुमचाच आहे, तर नाक दुसऱ्याचं कसं असेल?" "मी सांगते ना, माझं नाही. सरळ करा." केलं सरळ. "आता हनुवटी. अशी लोंबते का माझी?" केली वर. "आणि ही भुवई. मी काय अशी बघते?" आणि हे विचारताना अगदी तश्शीच बघत होत्या! ती भुवई मी कितीही खाली आणली तरी केसभर वर राहिलीच. आणि बाकावर ती मुलगी तोंडावर हात दाबून हसत होती. हसू आवरेना तिला. शेवटी हात काढला आणि खळखळून हसली, आणि हसली की तिचं नाक... कसं सांगू, आधीच थोडं बसकं, त्यात हसली की दोन्हीकडे पसरायचं, डोळे मिटून जायचे, आणि ओठांच्या कडेला दोन रेषा पडायच्या. बास! मी खलास! मग मी ते काम संपवतोय कशाला? "अजून थोडं बाकी आहे, पुढच्या आठवड्यात या... आणि ताईंनाही आणा, त्यांची नजर चांगली आहे." पुढच्या आठवड्यात पुन्हा नाक, पुन्हा हनुवटी, पुन्हा भुवई! तो फोटो पूर्ण होईपर्यंत माझं लग्न ठरलं. पण तोवर हाताला जे वळण लागलं ते लागलं. त्यानंतर माझ्या हाताखालून जे तोंड गेलं, नवरी म्हणू नका, रिटायर झालेला साहेब म्हणू नका, त्याचं नाक तिकडेच वळलं. आणि माझ्या लक्षातही आलं नाही हो! कारण फोटो बघून कोणी तक्रार करतच नव्हतं. ज्याला त्याला वाटायचं, वा, मी किती छान दिसतो!

कागदावर होतं तोवर ठीक होतं. पण आता ते कागद जिन्याने वर जायला लागले! आणि डॉक्टरीणबाईंचा हात म्हणजे काय विचारता, फोटोत जसं तसं तोंडावर, केसाचा फरक नाही! आधी औषधवाल्याची बायको. मग बँकेतली कॅशियर. मग शाळेच्या मोठ्या बाई. मग तर कोण कोण, मी मोजायचं सोडून दिलं. सकाळी दुकान उघडावं तर समोरून सासूबाई दूध घेऊन चाललेल्या. बँकेत जावं तर काचेमागे सासूबाई, "सही जुळत नाही." म्हटलं, इथेही नाही जुळत? बसस्टॉपवर दोन सासूबाई एकमेकींशी गप्पा मारताहेत! आणि मला काय सवय, ते तोंड दिसलं की मी उभा राहतो, आवाज बारीक होतो, आणि न विचारता खुलासा द्यायला लागतो, कुठे चाललोय, का चाललोय, परत कधी येणार. रस्त्यात! परक्या बायकांना! आणि तो शेजारचा शिंपी... त्याने वर जाऊन टकलावर केस लावून घेतले, ठीक आहे, लाव बाबा. पण खुर्चीतून उठता उठता डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "हनुवटीही जरासं बघा ना, जरासंच!" झालं! मिशी जुनी, बाकी सगळं नवीन. सासूबाईंना मिशा फुटल्या तर कशा दिसतील, हे जगात फक्त मला माहीत आहे. गळ्यात टेप टाकून उभा असतो आणि विचारतो, "काय हो, आज उशीर?" आणि मी, शिंप्याला, अजिजीने सांगतो, "नाही हो, जरा बस चुकली."

शेवटी राहवेना म्हणून वर गेलो. म्हटलं, "मॅडम, एक सांगायचं होतं. ही सगळी नाकं... एकच आहेत." तर डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, "हो ना! मीही म्हणत होते, ह्या भागातल्या लोकांची आवड किती सारखी आहे! आता तर मला फोटो बघावाही लागत नाही, काका. हात आपोआप जातो." घ्या! म्हणजे त्यांच्याही हाताला तेच वळण! मी म्हटलं, "बरं," आणि खाली आलो. मी काय बोलणार!

इकडे घरी वेगळीच तऱ्हा. सासूबाई आमच्याकडेच राहतात. सासरे गेल्यापासून. माणूस वाईट नाही हो, माझ्या पोटाची काळजी माझ्याहून जास्त त्यांना. पण एक सवय. घरी चार माणसं आली, की आमच्या हिच्याकडे बघून एक वाक्य ठरलेलं, "मुलगी माझी गुणाची हो, हात लावेल ते सोनं करील. नाक तेवढं बापावर गेलं." दरवेळी! आलेली माणसं हसायची, ही पण हसायची. मी म्हणायचो, हसते ना, म्हणजे हरकत नसेल. मी काय बोलणार! सासूबाई त्या!

तर एक दिवस ह्या सासूबाई बाजारातून घरी आल्या, पिशवी खाली ठेवली, आणि भिंतीवरच्या आपल्या त्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग हाक. "जावईबापू!" मी उभा. "बाहेर सगळ्या बायका ओळखीच्या वाटतात, पण नाव आठवत नाही. मला वाटलं वय झालं. वय नाही झालं. ह्या सगळ्या माझ्यासारख्या दिसतात." मी म्हटलं, संपलं. आता माझी धडगत नाही. पण त्यांचं तोंड बघतो तर हसरं! "म्हणजे बघा, मी काय दिसत होते!" म्हणाल्या. आणि मग फोटोकडे बघितलं, मग आरशात बघितलं, आणि डावी भुवई वर. "पण हा कुठला न्याय? तोंड माझं, आणि रस्त्यात सगळ्यांना आहे, मलाच नाही?" मी म्हटलं, "आई, ह्या वयात..." "जरासंच!" म्हणाल्या. आणि गेल्या हो वर! गाल भरले, हनुवटी ओढली, नाकाला काहीतरी इंजेक्शन. परत आल्या त्या स्वतःच्या फोटोतून उतरल्यासारख्या! म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा सासूबाई सासूबाईंसारख्या दिसायला लागल्या.

इथवर मी हसत होतो, खरं सांगतो. वैताग होता, पण आतून हसू येत होतं. रात्री हिला... आपलं, जेवताना हिला एकेकाची नक्कल करून दाखवायचो, शिंप्याची, कॅशियरची, आणि ही हसायची, नाक पसरून. पण त्या दिवशी आईचे नवे गाल बघून ही हसली नाही. भांडी आवरता आवरता पाठमोरी म्हणाली, "अहो, माझाही एक फोटो काढून द्याल?"

मी चमकलोच.

कारण आमच्या घरात मी फोटोवाला, आणि तिचा एकटीचा फोटोच नाही. लग्नातला सोडला तर एकही नाही! असणार कसा? ती कायम कॅमेऱ्याच्या अलीकडे, माझ्या मागे, पांढरा पडदा नाहीतर लाईट धरून उभी. हजारो लोकांच्या तोंडावर तिने उजेड पाडला असेल. मी म्हटलं, "कशाला गं फोटो?" "असाच. सगळ्यांचा करता तसा करून द्या. जरासंच." आता 'जरासंच' म्हणजे काय हे मला कळत नाही? मला भीती वाटली हो. साधी सरळ भीती. रस्त्यात सगळीकडे ते तोंड होतं, आणि संध्याकाळी घरी आलो की एक जागा होती जिथे ते नव्हतं. तेवढी एकच.

बसवली स्टुलावर. ती तोंड मिटून ताठ बसलेली, नाक शक्य तेवढं आत ओढून. म्हटलं, थांब. आणि मी भुवई वर केली, तिच्या आईचा आवाज काढला, "हे नाक माझं नाही! सरळ करा!" आणि ती फुटली! डोळे मिटले, नाक दोन्हीकडे, त्या दोन रेषा... काढला फोटो! मग ती घरी गेली आणि मी कॉम्प्युटरसमोर बसलो. म्हटलं, तिला दुखवायचं नाही, कुठे बारीकसा डाग असेल तर तेवढा घालवू, जरासंच. तुम्हाला सांगतो, मी फक्त गालावरचा एक तीळ बघत होतो, आणि माऊस आपणहून नाकावर! मी मागे घेतला, परत गेला! दोन मिनिटं खिडकीबाहेर बघितलं आणि परत पडद्याकडे बघतो तर सासूबाई माझ्याकडे बघताहेत! पुसून टाकलं सगळं. हात मांडीखाली दाबून बसलो. आणि मग ठरवलं, नाही. काहीही करायचं नाही. ही जशी आहे तशीच. चांगला मोठा प्रिंट काढला, उत्तम फ्रेम घातली, आणि शोकेसमध्ये मधोमध, जिथे इतकी वर्षं कुठली ना कुठली नवरी असते तिथे, आमच्या हिला लावलं. म्हटलं, बघ म्हणावं, मला तू कशी दिसतेस ते. बोलायला जमत नाही मला, पण फोटो तर बोलेल!

आली. रस्त्यावर उभी राहिली. बघत राहिली. मी दारात उभा, बक्षीस मिळाल्यासारखा तोंड पसरून. आणि ती इतक्या हळू बोलली की मला दोन पायऱ्या उतराव्या लागल्या. "एवढ्या जणींना सुंदर केलंत. मलाच नाही केलंत?"

म्हटलं, "अगं, तसं नाही! मला हेच आवडतं! हेच नाक! मी ह्याच नाकासाठी तुझ्या आईचा फोटो महिनाभर लांबवला!"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" म्हणाली. "आई दरवेळी बोलायची. चारचौघांत बोलायची. तुम्ही तिथेच बसलेले असायचात."

"अगं पण तू तर हसायचीस!"

"मग काय करणार होते?" म्हणाली. "तो फोटो काढा तिथून."

मी काय बोलणार... नाही, म्हणजे खरंच सांगा, मी काय बोलणार होतो? शब्द होते का काही? मी म्हटलं, "काढतो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर घरात भिंतीवर नुसता खिळा. आईचा फोटो काखेत मारून ही वर गेलेली! आणि सुया-बिया नाही, नाक-हनुवटी-भुवई सगळ्याचं थेट ऑपरेशन. मी जिना चढून धापा टाकत गेलो, म्हटलं, "मॅडम, हिला इंजेक्शनच द्या ना, ते निदान विरघळतं म्हणतात!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, त्यांना कायमचं हवंय." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बाहेर बसा."

पट्टी निघाली त्या दिवशी मी समोर होतो. तिने आरसा घेतला. बघितलं. आणि रडायला लागली, आनंदाने हो! म्हणाली, "कशी दिसतेय?" आणि दिसत होती ना! सुंदर दिसत होती, तेच तर! खोटं बोलायची सोय नव्हती. म्हटलं, "छान." "खरंच?" "खरंच." आणि मग ती हसली. डोळे मिटले, ओठ हलले, सगळं आलं... नाक तेवढं आलंच नाही हसायला. जागच्या जागी सरळ उभं!

आता घरात दोन. एक खुर्चीत, एक स्वयंपाकघरात. एकदा संध्याकाळी वीज गेलेली, अंधुक उजेड, सोफ्यावर ही बसलेली दिसली. म्हटलं, चल, इतकी वर्षं बोललो नाही, आता बोलू. जवळ गेलो आणि अगदी मनापासून म्हटलं, "काय गं, आज फार गोड दिसतेस." तर सोफा म्हणाला, "जावईबापू!!" त्या दिवसापासून मी घरात आधी खोकतो, मग हाक ऐकून खात्री करतो, आणि मगच काय बोलायचं ते बोलतो. बहुतेक वेळा बोलतच नाही.

बरं, म्हटलं, झालं ते झालं, अख्खा रस्ता तसा, घर तसं, आपण सवय करून घेऊ. माणसाला कशाचीही सवय होते. तर एक दिवस डॉक्टरीणबाई धावत खाली आल्या. "काका, सगळं बदललं!" म्हटलं, "आता काय?" "फॅशन! आता नॅचरलचे दिवस आलेत. 'केलंय' असं दिसायला नको म्हणतात लोक. भरलेलं सगळं विरघळवून घ्यायची रांग लागलीय." मी म्हटलं, "म्हणजे ज्याचं त्याचं नाक ज्याला त्याला परत?" "छे, छे! स्वतःचं नॅचरल नकोय कुणाला. चांगलं नॅचरल हवंय. त्यासाठी पुन्हा करावं लागतं. पण आता सुदैवाने सगळ्या एकच फोटो मागताहेत." आणि माझ्या शोकेसकडे बोट! "तो! ते थोडं बसकं नाक, हसताना पसरणारं, कडेला त्या दोन रेषा... काय चेहरा आहे, काका! कुठल्या मॉडेलचा हो?" स्वतःच्या हाताने सरळ केलेलं नाक, पण ओळखलं नाही!

काढतो काढतो म्हणत मी तो फोटो काढलाच नव्हता. रोज सकाळी कुलूप उघडताना एकदा बघायचो, म्हणून राहिला होता.

मी पळत घरी आलो. म्हटलं, "अगं, ऐकलंस का? तुझं नाक! सगळा रस्ता तुझं नाक मागतोय! चल, आपण पण परत..." तर ही आरशासमोर केस विंचरत होती. म्हणाली, "काहीतरीच काय! मी आत्ता कुठे चांगली दिसायला लागले." आणि खुर्चीतून तिची आई म्हणाली, "आणि आता कुठे माझी मुलगी शोभते." दोघी आरशातून माझ्याकडे बघत होत्या, आणि मी उभा होतो.

आता आमच्या रस्त्याची अवस्था काय सांगू! औषधवाल्याची बायको हसते, नाक पसरतं! कॅशियर 'सही जुळत नाही' म्हणते आणि हसते, डोळे मिटून, कडेला दोन रेषा! शाळेच्या मोठ्या बाई हसतात, बसस्टॉपवर कोण कोण हसतं, जिकडे बघावं तिकडे ती, बाकावर तोंड दाबून बसलेली होती तशी! आणि मी, ह्या वयात, काही कारण नसताना खोकल्याची गोळी आणायला जातो. मला खोकलाच नाही! पण औषधवाल्याच्या बायकोला एखादा विनोद सांगावा, आणि ती हसली की काउंटरला टेकून दोन मिनिटं नुसतं बघावं, बास, एवढंच. काल तसाच उभा होतो, आणि मागून आवाज आला. आमची ही.

"काय चाललंय?" म्हणाली. "परक्या बाईकडे असं टक लावून बघतात? त्या नाकात एवढं आहे तरी काय?"

मी वळलो. म्हटलं, आज बोलायचंच. आज स्पष्ट सांगायचं, 'बाई गं, ते नाक तुझं आहे, मी तुझ्याचकडे बघत होतो.' तोंड उघडलं. सगळे शब्द तयार होते. आणि तिची डावी भुवई वर गेली, केसभर... आणि भर रस्त्यात, चार गिऱ्हाइकांसमोर, स्वतःच्या बायकोला मी काय म्हणालो माहीत आहे?

"चुकलं, आई."